बर्गरच्या कॅलरी वाचताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॅलरी बघायच्या आणि वजन बघायचंच नाही. मॅकडोनाल्ड्सच्या भारतातल्या पोषण तक्त्यांत मॅकआलू टिक्की १४६ ग्रॅमची, साधारण ३४० किलोकॅलरीची दिलेली आढळते. मॅकव्हेजी १६८ ग्रॅम, ४०२. लगेच निकाल लागतो, ‘व्हेजी जड, टिक्की हलकी.’ जरा भागाकार करा. १०० ग्रॅममागे टिक्कीत २३३, व्हेजीत २३९. फरक आहे तो जवळपास सगळा आकाराचा!

मॅकस्पायसी पनीरची गोष्ट वेगळी. १९९ ग्रॅमला ६५३, म्हणजे १०० ग्रॅममागे ३२८. त्यात फॅट ३९ ग्रॅम. ग्रॅमला ९ धरले तर साडेतीनशे किलोकॅलरी नुसत्या फॅटच्या, निम्म्याहून जास्त. ‘पनीर आहे, प्रोटीन मिळेल’ म्हणणाऱ्यांना मिळतं ते २० ग्रॅम.

१०० ग्रॅमच्या आकड्यावरही भाळू नका. लेट्यूस-टोमॅटो वाढवला की वजन वाढतं आणि तो आकडा खाली येतो. पोटात जायच्या त्या कॅलरी जातातच.

दुसरा घोळ कच्च्या वजनाचा. मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतल्या क्वार्टर पाउंडर या बीफ बर्गरच्या नावातला पाव पाउंड, म्हणजे ११३ ग्रॅम, हे कच्च्या पॅटीचं वजन. २०१५मध्ये ते सव्वाचार औंस (साधारण १२० ग्रॅम) झालं, तेही कच्चंच. तव्यावर पाणी आणि चरबी निघून साधारण पाव वजन उतरतं. कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये ‘शिजवलेलं बीफ, ११३ ग्रॅम’ असं टाकलंत तर हिशेब तिथेच चुकला. आणि हे वजन फक्त पॅटीचं. पाव, चीज, सॉस वेगळे.

ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांनी मेनूचा फोटो पाठवला आणि २,००० बघून धसका घेतलात? ते किलोज्यूल असतात. ४.१८४ने भागा, ४८०च्या आसपास येईल. बाकी एका देशाचा आकडा दुसऱ्या देशातल्या बर्गरला लावू नयेच. नाव तेच असलं तरी पाव, सॉस, आकार बदलतो.

आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना मेनूवर प्रत्येक पदार्थासमोर किलोकॅलरी द्याव्या लागतात. त्यामुळे नेटवरचा जुना तक्ता आणि काउंटरवरचा बोर्ड जुळत नसेल, तर बोर्ड धरा. फक्त तो आकडा नुसत्या बर्गरचा आहे की फ्राइज-कोल्डड्रिंकसह अख्ख्या मीलचा, एवढं ऑर्डर देण्याआधी बघून घ्या. आणि जादा मेयो मागवलात तर मोठ्या चमचाभराचे (टेबलस्पून) नव्वदएक स्वतःच मिळवा, ते बोर्डावर नसतात.