कागदी निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट

कागदी निगेटिव्ह म्हणजे फिल्मऐवजी फोटोच्या कागदावर घेतलेलं, उजेड-सावली उलटी असलेलं चित्र. ती कोऱ्या फोटो-कागदावर टेकवून उजेड दिला की मिळते ती कॉन्टॅक्ट प्रिंट. टेबलावर ठेवून पाहिलेली निगेटिव्ह फसवते. तशी पाहताना उजेड काळ्या थरातून जातो आणि कागदावर आपटून पुन्हा त्यातूनच परत येतो. छापताना एकदाच जातो. म्हणून टेबलावर ठसठशीत दिसणारी निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरली की फिकी पडते. पारख काचेवरच करा. भुईकोट किल्ल्याचा उन्हातला बुरूज निगेटिव्हमध्ये काळा येतो. त्या काळ्यातही दगडांचे सांधे दिसले, तरच ती छापण्याजोगी.

मागे कंपनीचं नाव छापलेला कागद निगेटिव्हसाठी घेऊ नका. शाई उजेड अडवते आणि प्रिंटवर पांढरी अक्षरं उमटतात.

दाराच्या फटीवर सोलापुरी चादर दुहेरी करून सोडा, आत लाल सेफलाइट (फोटो-कागदावर परिणाम न करणारा दिवा) लावा. खाली फोम, त्यावर कोरा फोटो-कागद इमल्शन (उजेडाने काळा पडणारा थर) वर करून, त्यावर निगेटिव्ह इमल्शन खाली करून, वर 5-6 मिमी जाडीची काच. निगेटिव्ह उलटी ठेवली तर पाट्यांवरची अक्षरं उलटी येतात, शिवाय उजेड कागदात पसरून कडा पुसट होतात. फक्त एकाच कोपऱ्यात पुसट असेल, तर तिथे काच नीट दाबलेली नाही.

एन्लार्जर (फोटो मोठा करून छापायचं दिव्याचं यंत्र) निगेटिव्ह न घालता लावा, भिंगाचं छिद्र एफ 8 वर. पुठ्ठा सरकवत दर 5 सेकंदांची टेस्ट स्ट्रिप (कमी-जास्त उजेड दिलेली चाचणीची पट्टी) काढा. फिल्मपेक्षा वेळ बराच जास्त लागतो, घाबरू नका. फायबर (प्लॅस्टिकचा थर नसलेल्या) कागदाची निगेटिव्ह असेल तर मागून मेण लावून, टिपकागदाखाली इस्त्री फिरवल्यास ती पारदर्शक होते आणि वेळ कमी लागतो. आरसी कागदावर प्लॅस्टिकचा थर असतो. मेण त्यात मुरतच नाही.

खरी अडचण उन्हाळ्याची. गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिल-मेमध्ये तापलेलं असतं. त्यात कालवलेला डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) प्रिंट भराभर काळी करतो, पांढरा भागही करडा पडतो. माठातलं पाणी वापरा, ट्रे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, डेव्हलपर पातळ होतो. 20 अंशांना आरसी प्रिंट डेव्हलपरमध्ये 1 मिनिट हलवत ठेवा, मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), मग फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण). प्रिंट फिकी म्हणून जास्त वेळ बुडवून ठेवू नका, पुढच्या प्रिंटला उजेड वाढवा.

नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा वाहत्या पाण्याचा हट्ट नको. आरसी प्रिंट स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये एकेक मिनिट हलवा, पाणी चारदा बदला. वाळत घालायची ती घरातच दोरीवर. गच्चीवर ओल्या इमल्शनला धूळ चिकटते.