तोस्कानाच्या टेकड्यांत: दोन सायकली, एक तंबू

सह्याद्रीत घाट चढून गेलं की वर पठार लागतं. इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला तसं नाही. दिवसभर टेकडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. चढ बहुतेक लहान, पण मध्येच 12 टक्क्यांचा तुकडा येतो. सामानासह दिवसाला 35–40 किलोमीटर पुरे.

पहिल्या खेपेला सिएना, आशानो, बुओनकोन्वेंतो, मोन्तालचीनो, पिएन्झा, मोन्तेपुल्चानो असं जाऊन कियूसीला रेल्वे पकडा. साधारण 120 किलोमीटर होतात. पाच दिवस ठेवा. मोन्तालचीनोचा चढ सगळ्यात मोठा: सुमारे 150 मीटरवरून 564 मीटरवर. तो सकाळीच उरका. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टच्या उन्हात हे चढ नकोत.

वजन निम्मं-निम्मं वाटून घेऊ नका, बहुतेक जोडप्यांचं इथेच बिनसतं. दोघांचं मिळून 22 किलो सामान असेल तर 13 आणि 9 ने सुरुवात करा. घराजवळच्या एखाद्या चढावर दोघांनी सामानासह चढून पाहा. जो मागे पडेल त्याचे दोन किलो दुसऱ्याकडे द्या. तंबू, स्टोव्ह, अवजारं जोरकस गड्याकडे, स्लीपिंग बॅगा आणि कपडे दुसऱ्याकडे. ट्यूब आणि पंप मात्र दोघांकडेही हवेत. चढावर हळू चालवणाऱ्याने पुढे राहायचं. सगळं ओझं मागच्या कॅरियरवर लादलं तर तीव्र चढावर पुढचं चाक हलकं पडून डुगडुगतं, म्हणून जड वस्तू पुढच्या बॅगांत, खाली ठेवा.

सगळ्यात हलका गिअर पुढे, पेडलपाशी 30 दाती आणि मागच्या चाकावर 34 दाती असावा. पेडलच्या मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी साधारण सात किलोमीटर वेग मिळतो. याहून जड गिअरला गुडघे बोलू लागतात.

इथले पांढरे खडीचे रस्ते, म्हणजे ‘स्त्रादे बियांके’, कोरडे असताना सुरेख. टायर 40 मिमीचे, हवा मागे 45–50, पुढे 35–40 पीएसआय. पाऊस पडला की आशानोच्या आसपासची चिकणमाती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये भरते आणि चाक जाम होतं. तेव्हा पेडल रेटू नका, हँगर (चेन सरकवून गिअर बदलणारा डिरेल्युअर ज्यावर बसतो तो धातूचा तुकडा) मोडतो. उतरा, काडीने माती काढा आणि डांबरी रस्ता धरा. जादा हँगर सोबत हवाच, कारण तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. खडीवर कॅरियरचे बोल्ट सैल होतात. रोज संध्याकाळी आवळा.

वाटेल तिथे तंबू ठोकायला परवानगी नसते. कॅम्पिंगच्या जागा मोजक्या, बऱ्याच हिवाळ्यात बंद. काही आग्रितुरिस्मो, म्हणजे शेतावरची मुक्कामाची घरं, तंबूला जागा देतात. आधी विचारा. नोंदणीला दोघांचे पासपोर्ट लागतात. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिथेच घ्यावा लागतो. इटलीत दुकानांत क्लिकने बसणारे डबे सहज दिसतात, पण आटेवाले शोधावे लागतात. तुमच्या स्टोव्हला कोणता बसतो ते निघण्यापूर्वी बघा.

गावातली दुकानं दुपारी एक ते चारच्या सुमारास बंद असतात, सामान सकाळीच भरा. शाकाहाऱ्यांना पीची आल्यिओने, म्हणजे लसूण-टोमॅटोतली जाड शेवयांसारखी पास्ता, पोटभर होते. पेकोरिनो चीजमध्ये मात्र बहुधा प्राणिज रेनेट, म्हणजे दूध गोठवायला प्राण्याच्या पोटातून काढलेलं द्रव्य, असतं. नळावर ‘नोन पोताबिले’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

सिएना-फ्लोरेन्स महामार्गावर सायकलला बंदी आहे. गावाबाहेर अंधारात परावर्ती जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे.