सी स्क्वर्ट आणण्याआधी हिरवं पाणी तयार ठेवा

दहावीच्या विज्ञानात हर्डमानिया वाचलेला आठवत असेल, तोच सी स्क्वर्ट: दगडाला चिकटून पाणी गाळत जगणारा समुद्री प्राणी. त्याचेच भाऊबंद रीफ टँकसाठी (प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी) विकायला येतात: पांढऱ्या अंगावर जांभळे ठिपके आणि तोंडाशी पिवळाधमक असा पॉलिकार्पा ऑराटा, निळा रोपॅलिया, छोट्या हिरव्या माठासारखा डिडेम्नम मोले. घरी आणल्यावर काही आठवड्यांत ते आक्रसत जातात आणि दोष पाण्यावर येतो. बहुतेक वेळा ती उपासमार असते.

हा प्राणी वरच्या नळीने पाणी ओढतो, जाळीदार घशातून गाळतो आणि बाजूच्या नळीने सोडतो. त्याला लागतात काही मायक्रॉनचे कण. नुकतं अंड्यातून फुटलेलं आर्टेमियाही (माशांना खायला देतात तो इवलासा कोळंबीसारखा जीव) त्याच्यासाठी फार मोठं. म्हणून खरेदीच्या महिनाभर आधी नॅनोक्लोरॉप्सिस हे सूक्ष्म शैवाल, म्हणजेच हिरवं पाणी, वाढवायला घ्या.

दोन लिटरची पारदर्शक बाटली धुऊन घ्या. त्यात 1.020 घनतेचं समुद्री मिठाचं ताजं पाणी, लेबलवरच्या मापाने एफ/2 खत (शैवालाचं तयार खत) आणि 200 मिली जिवंत कल्चर (विरजणासारखं शैवालाचं पाणी) घाला. हवेची कडक नळी तळापर्यंत सोडा. एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) नको, तो चोंदतो. एलईडी रोज 16 तास. सात ते दहा दिवसांत पाणी गडद हिरवं झालं की अर्धं काढून फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही), बाटली रोज हलवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. उरलेल्या अर्ध्यात नवं पाणी आणि खत. कल्चर पिवळं पडून तळाशी बसलं किंवा वास मारू लागलं तर सरळ ओतून द्या. एका रात्रीत निवळलं तर त्यात रोटिफर (शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी) शिरलेत, नळ्या आणि भांडी वेगळी ठेवा.

टँक निदान सहा महिने मुरलेला हवा. तापमान 24 ते 26 अंश, घनता 1.025. कोकण-मुंबईच्या मे महिन्यात पाणी सहज तिशीपार जातं, तेव्हा चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. ज्या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध घातलं होतं, तिथे हा प्राणी ठेवूच नका.

200 लिटरच्या टँकला दिवसातून चार वेळा 20 मिली हिरव्या पाण्याने सुरुवात करा. डोसिंग पंप (ठरल्या वेळी ठरलेली मात्रा सोडणारा पंप) असेल तर उत्तम, कारण हा दिवसभर गाळत राहणारा प्राणी आहे. संध्याकाळी एकदाच वाटीभर ओतून त्याचं भागत नाही. फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) काढा, यूव्ही दिवा बंद ठेवा, डोसनंतर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) दोन तास थांबवा. नायट्रेट आणि फॉस्फेट दर आठवड्याला मोजा. ते चढत नसतील तरच मात्रा हळूहळू वाढवा.

घेताना हलकं बोट लावून पाहा: नळ्या झटकन मिटल्या पाहिजेत. दगडासकटच घ्या, उपटलेला नको. घरी दीड-दोन तास थेंबथेंब पाणी देऊन रुळवा, पण पिशवीतून टँकमध्ये नेताना क्षणभरही हवेत काढू नका. नळीत हवा अडकली की ती बाहेर निघणं कठीण. वाटी पाण्याखाली धरून त्यातून न्या. जेल ग्लू लावायचा तो खालच्या दगडाला, कंचुकाला (प्राण्याच्या बाहेरच्या आवरणाला) कधीच नाही.

प्रवाह मध्यम आणि बदलता हवा. अंगावर गाळ बसू नये, पण पंपाचा झोत थेट नको. पॉलिकार्पाला कपारीची सावली चालते. डिडेम्नम मोलेला मात्र उजेड द्यावा लागतो, त्याच्या पोटात प्रोक्लोरॉन नावाचे हिरवे जीवाणू राहतात. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बटरफ्लाय, मोठे एंजल, ट्रिगर आणि पफर मासे यांना टोचतात. नेम्ब्रोथा ही रंगीत समुद्री गोगलगाय तर हेच खाऊन जगते.

नळ्या उघड्या, स्पर्शाला प्रतिसाद नाही, कंचुक लिबलिबीत, अशी लक्षणं दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. दगडासकट बाहेर काढा, फिल्टरला ताजा सक्रिय कार्बन लावा, 20 टक्के पाणी बदला.

आणि संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) आपोआप उगवलेले चणाएवढे पारदर्शक सी स्क्वर्ट दिसले तर खरवडू नका. ते फुकटचे गाळणारे आहेत, आणि तुमच्या टँकमध्ये बारीक अन्न आहे याचा पुरावाही.