सुई हातात धरून ऐकायच्या गोष्टी

गोधडीच्या गोष्टी नुसत्या बसून वाचू नयेत, असं माझं मत आहे. मांडीवर गोधडी घ्यावी, एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी टाके घालावेत. ठाण्याच्या नौपाड्यात आम्ही पाच जणी दोन वर्षं दर शनिवारी दुपारी हेच करतो. माझ्या पुढच्या खोलीत, सोफा भिंतीला सरकवून. तुमच्या सोसायटीत कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर आमच्या चुका तरी तुम्ही करू नका, म्हणून लिहिते.

आधी गोधडीचं. जुनी सुती पातळं, लुगडी, धोतरं गोळा करा. सिंथेटिक साडी कितीही सुंदर असली तरी नको. तिचे थर एकमेकांना धरून राहत नाहीत, सारखे निसटतात. सुया आणि रिळं जांभळी नाक्याला मिळतात. थर जमिनीवर अंथरून कोपऱ्यांवर वजनं ठेवा (आमच्याकडे वरवंटा, खलबत्ता आणि दोन बाजूंना जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे), सगळीकडून कच्चा दोरा (थर सरकू नयेत म्हणून तात्पुरते लांब टाके) घाला आणि मगच पुस्तक उघडा. आम्ही पहिल्या वेळी कच्चा दोरा आळस करून सोडला. गोष्ट रंगली, हात चालत राहिले, आणि मधोमध असा फुगवटा आला की पुढचे दोन शनिवार उसवण्यातच गेले.

पण त्या उसवण्यामुळेच अमेरिकन लेखिका सुसान ग्लास्पेलची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ आम्हाला खरी कळली. कथा 1917 सालची. बाई आधी वार्ताहर होती. 1900 च्या डिसेंबरात आयोवात एका शेतकऱ्याचा खून झाला, त्याच्या बातम्या तिने दिल्या होत्या, त्यातून ही कथा आली. कथेतला नवरा गळ्याला दोरी आवळून मेलेला सापडतो. बायको म्हणते, मी शेजारीच झोपले होते, मला कळलं नाही. तिला तुरुंगात टाकतात. शेरीफ आणि वकील पुरावा शोधत घरभर फिरतात आणि बरोबर आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात. तिथे त्यांना अर्धवट राहिलेल्या रजईचे तुकडे दिसतात. सगळ्या तुकड्यांवर टाके एकसारखे, बारीक. एकावर मात्र वेडेवाकडे, जणू शिवणारीला आपण काय करतोय याचं भानच नव्हतं. त्या दोघींतली मिसेस हेल ते टाके उसवते आणि नीट घालायला घेते.

इथे वाचणं थांबवा. आमच्याकडे मागच्या बिल्डिंगमधल्या वहिनी एकदम म्हणाल्या, “अहो, पुरावाच उसवला की तिने!” मग प्रत्येकीला आपली शेवटची ओळ बघायला सांगा. माझ्या ओळीत साधारण वीतभर टाके दुप्पट लांब होते. मुलाचा फोन आला होता तेव्हाचे. काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही, पण पाचही जणींनी ती वीत पाहिली. पुढे कथेत एक पक्षी येतो, त्याचं काय होतं ते मी इथे सांगत नाही.

या कथेचं शेवटचं वाक्य मराठीत सांगताना घाम फुटतो, तेव्हा तयारी हवी. रजईचे थर जोडायच्या त्यांच्याकडे दोन रीती. एक आपल्यासारखी, टाक्यांच्या ओळींनी अख्खी भरायची. दुसरी म्हणजे अंतराअंतरावर दोरा आरपार काढून गाठ मारायची, त्याला ते ‘नॉट’ म्हणतात. तुरुंगातली ती बाई यातली कुठली रीत वापरणार होती, यावर त्या दोघी बोलत असतात आणि पुरुष हसतात, कसल्या क्षुल्लक गोष्टींवर चर्चा! शेवटी तोच प्रश्न चेष्टेने परत येतो आणि उत्तर मिळतं, गाठ. आपल्या गोधडीला गाठी नसतात, त्यामुळे ऐकणाऱ्या कोऱ्या चेहऱ्याने बघतात. गादीवाला दाभणाने गादीला मारतो ती गाठ, असं आधीच सांगून ठेवा. शक्य असेल तर चिंधीवर एक मारून हातोहात फिरवा. मग शेवटच्या ओळीला त्या गाठीबरोबर गळ्याभोवतीची दोरीही आठवते, समजवावं लागत नाही.

अ‍ॅलिस वॉकरची ‘एव्हरीडे यूज’ (1973) कापडं निवडायच्या दिवशी घ्या. छोटी आहे, पाऊण तासात होते. शहरात शिकून आलेली मुलगी आजीच्या रजया भिंतीवर लावायला मागते. आईने त्या धाकटीला लग्नात द्यायच्या कबूल केलेल्या असतात. मोठीचं म्हणणं, ही तर त्या रोज वापरून फाडून टाकेल. एका रजईत पणजोबांच्या अमेरिकन यादवी युद्धातल्या गणवेशाचा निळा तुकडा आहे, काड्यापेटीएवढा. तो येईल तेव्हा ढिगातून एकेक चिंधी उचलून ती कुणाची, ते सांगायला लावा. आमच्यात यावरून बरंच वाजलं, कारण माझी भाची घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये आजीची गोधडी काचेत लावणार होती. मी कथेतल्या आईच्या बाजूची. भाचीचं म्हणणं असं, की मावशी, तू ती माळ्यावर टाकून ठेवली होतीस, वापरत कुठे होतीस? हे खरं आहे.

मार्गारेट अ‍ॅटवूडची ‘एलियस ग्रेस’ (1996) लांबच्या कामाला बरी. तिच्या पंधरा भागांना रजईच्या नक्ष्यांची नावं आहेत. कॅनडात 1843 साली झालेल्या खऱ्या खुनात शिक्षा झालेली ग्रेस डॉक्टरशी बोलता बोलता शिवत असते. एका शनिवारी एक भाग, त्याहून जास्त नको, नाहीतर नावांचा गोंधळ होतो. मी घरी पेन्सिलने खुणा करून ठेवते आणि मराठीत सांगत जाते. डॉक्टरची पत्रं सरळ गाळते.

इस्मत चुगताईंची उर्दू कथा ‘लिहाफ’ (म्हणजे रजई) वाचायच्या दिवशी सुया बाजूला ठेवा. तिथे कुणी काही शिवत नाही, लिहाफ फक्त पांघरलेला आहे आणि भिंतीवर त्याची सावली हत्तीसारखी डोलते. 1942 ची कथा, लाहोरला अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून बाई सुटल्या. देवनागरीत मिळते, पण विषय दोन बायकांमधल्या शारीरिक संबंधांचा आहे, ते आधीच सांगा. मी सांगितलं नाही, आणि एक जण महिनाभर आली नाही.

मराठीतलं शोधायचं काम आमच्यातल्या एकीकडे आहे. ती रोज स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पेपर वाचायला जाते (1893 चं आहे ते, ठाणेकरांना सांगायला नको). गोधडी किंवा वाकळ कुठेही दिसली की वहीत उतरवून आणते.

शेवटचा कोपरा बंद करताना माझी आजी आत पोळीचा एवढासा तुकडा ठेवायची, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. आम्हीही ठेवतो. त्या दिवसासाठी जसीमुद्दीन यांचं बंगाली काव्य राखून ठेवा, ‘नक्शी काँथार माठ’, 1929 चं. काँथा म्हणजे जुन्या साड्यांची, आपल्या गोधडीची सख्खी बहीण. नवरा परागंदा झालेली साजू आपली सगळी हकिगत एका काँथेवर टाक्यांनी भरते आणि ती आपल्या कबरीवर अंथरायला सांगते. पुढे एका सकाळी तीच काँथा अंगाभोवती घेतलेला एक माणूस कबरीशेजारी मेलेला सापडतो. हे वाचायला आवाज न फुटणारी बाई निवडा. मला जमत नाही.

आणि पाच जणींत एक गोधडी होते, ती कुणी न्यायची हे सुरुवातीलाच ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, त्याही दोनदा.