परतीचं तिकीट कुणाकडे? कालप्रवासाचे सिनेमे असे बघा

कालप्रवासाचा सिनेमा लावला की आमच्या गटात आधी यंत्रावरच भांडण जुंपतं. आजोबांना मारलं तर नातू कुठून येणार, वगैरे. मी भांडू देते. हौस फिटली की वही काढायला लावते आणि एकच प्रश्न लिहून घेते : मागे जाऊन या माणसाला काय बदलता येतं आणि काय नाही? कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाबद्दल दिग्दर्शकाला जे म्हणायचंय ते बहुतेकदा या नियमात सापडतं. भाषणं फसवी असतात.

सुरुवात ‘बॅक टू द फ्यूचर’ने (१९८५) करा. हो, त्याच गमतीच्या सिनेमाने. १९५५ सालच्या कॅफेत गोल्डी विल्सन हा कृष्णवर्णीय पोरगा झाडू मारतोय. रात्रशाळेत शिकतोय, मोठा होणार म्हणतोय. १९८५मधून गाडीच्या कालयंत्राने आलेला गोरा पोरगा मार्टी बोलून जातो, हा महापौर होणार! गोल्डीला कल्पना आवडते, मालक मात्र खिल्ली उडवतो. इथे सिनेमा थांबवा. गोल्डी महापौर झालाय हे आपण सुरुवातीलाच पाहिलंय. मग ती कल्पना कुणाची ठरली? शेवटाकडे पुन्हा तेच. कृष्णवर्णीय रॉक गायक चक बेरीचं १९५८चं गाणं मार्टी तीन वर्षं आधीच वाजवतो आणि सिनेमातला चकचा भाऊ मार्विन ते फोनवरून चकला ऐकवतो. दोन्ही वेळा श्रेय गोऱ्या पोराच्या पदरात. मी कित्येक वर्षं या जागांवर खळखळून हसले आहे, आणि खरं सांगायचं तर अजूनही हसू येतं. आता गाडीत मार्टीऐवजी गोल्डीला बसवा. १९५५मध्ये उतरल्यावर तो त्या कॅफेत कुठे उभा असेल? चर्चा इथून पेटते.

मग ‘टू डिस्टंट स्ट्रेंजर्स’ (२०२०), जेमतेम अर्धा तास. कृष्णवर्णीय कार्टरला घरी कुत्र्याकडे जायचंय, पण दर वेळी एक पोलीस त्याला मारतो आणि तीच सकाळ पुन्हा उजाडते. वहीत दोन रकाने करा : कार्टरने काय बदललं, पोलिसाने काय बदललं. पहिला भराभर भरतो. वाट बदलली, बोलणं बदललं. एकदा तर तो रात्र काढलेल्या मैत्रिणीच्या घरातून बाहेर पडलाच नाही, तर पोलीस चुकीचं दार फोडून आत. दुसऱ्या रकान्याबद्दल मी काही सांगत नाही, शेवट तुम्हीच बघा. संपल्यावर लगेच दिवे लावू नका. मी एकदा लावले आणि श्रेयनामावलीत येणारी, पोलिसांशी गाठ पडून जीव गेलेल्या खऱ्या कृष्णवर्णीयांची नावं कुणी वाचलीच नाहीत.

‘सी यू यस्टरडे’त (२०१९) यंत्र शाळकरी सीजे आणि तिच्या मित्राने स्वतः बनवलेलं, मुक्काम फक्त १० मिनिटांचा. एकाला वाचवायला जावं तर दुसरा जातो. हा सिनेमा किशोरवयीन मुलांसोबत बघा. कथेतली धांदल त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

‘सांकोफा’साठी (१९९३) मात्र वेगळा दिवस ठेवा. हायले गेरिमाच्या या सिनेमात यंत्र नाही, बटण नाही. घानातल्या केप कोस्टच्या किल्ल्यात, जिथे एकेकाळी गुलामांना डांबून ठेवत, फोटोसाठी आलेली मॉडेल मोना तळघरात शिरते आणि भूतकाळ तिला मळ्यावरची गुलाम शोला करून टाकतो. तिकीट तिने काढलेलंच नाही. सांकोफा हा अकान भाषेतला शब्द : मागे जा आणि घेऊन ये. सिनेमा संपला की फोटोंचा सुरुवातीचा प्रसंग पुन्हा लावा, आवाज बंद करून. मोना अजून आत गेलेली नाही. मागच्या भिंतींकडे बघत राहा.