प्रत्यारोपित मूत्रपिंडाची बायोप्सी दूरच्या तज्ज्ञाकडे वाचायला पाठवताना

दूर बसलेल्या पॅथॉलॉजिस्टला पडद्यावर दिसणारे चित्र मूळ स्लाइडपेक्षा सरस असू शकत नाही, त्यामुळे स्लाइडचे डिजिटल चित्र घेणाऱ्या स्कॅनरच्या आधी मायक्रोटोमकडे, म्हणजे ऊतीचे पातळ काप (छेद) करणाऱ्या यंत्राकडे, लक्ष द्यावे. छेद ३ ते ४ मायक्रॉनपेक्षा जाड झाले, तर पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि मोजणी फसते. बॅन्फ वर्गीकरणानुसार (प्रत्यारोपित अवयवाच्या बायोप्सीचे आंतरराष्ट्रीय निकष) नमुन्यात किमान १० ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ) आणि २ धमन्या हव्यात. ऊतीचे भाग उठून दिसावेत म्हणून वापरायच्या रंगांपैकी हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या तीन, पीएएस किंवा सिल्व्हरच्या तीन आणि ट्रायक्रोमची एक, अशा सात स्लाइड तयार कराव्यात.

स्कॅनिंग ४०एक्स विशालनावर, म्हणजे एका पिक्सेलला सुमारे ०.२५ मायक्रॉन या प्रमाणात करावे. मूत्रपिंडातील नलिकेच्या एका छेदात १ ते ४ लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील तर टी१, ५ ते १० असतील तर टी२ आणि १० हून अधिक असतील तर टी३ अशी नलिकेच्या दाहाची श्रेणी ठरते. एखादी पेशी आधारपटलाच्या (नलिकेभोवतीच्या पातळ आवरणाच्या) आत आहे की बाहेर, यावरच ही मोजणी अवलंबून असते. सूक्ष्मदर्शकावर अशी शंका फोकसचा स्क्रू किंचित फिरवून मिटते, एकाच पातळीवर स्कॅन केलेल्या प्रतिमेत ती सोय नसते. म्हणून शंकास्पद भागाचे वेगवेगळ्या खोलीवरचे थर स्वतंत्रपणे स्कॅन करून द्यावेत.

सुईने काढलेली बारीक, फिकट ऊती स्कॅनरच्या नजरेतून निसटू शकते. म्हणून स्कॅनरने घेतलेली प्रत्येक पूर्ण स्लाइडची लहान प्रतिमा प्रत्यक्ष काचेशी ताडून पाहावी. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. त्याच प्रतिमेत लेबलवरचे रुग्णाचे नावही उमटलेले असते, ते झाकावे.

सोबतच्या टिपणात प्रत्यारोपणाला किती दिवस झाले, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तघटकाचा) चढउतार, दात्याविरुद्धची प्रतिपिंडे, बीके विषाणूची (प्रत्यारोपित मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या विषाणूची) पातळी आणि चालू औषधे नमूद करावीत. सी४डी चाचणी (प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या नकाराची खूण शोधणारी) कोणत्या पद्धतीने केली हे विशेषतः लिहावे, कारण गोठवलेल्या छेदावरील इम्युनोफ्लुरोसन्समध्ये (चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी केलेल्या तपासणीत) २ किंवा ३ गुण असतील तरच ती सकारात्मक धरतात, तर पॅराफिन (मेणात बसवलेल्या ऊतीच्या) छेदावर शून्याहून अधिक गुण पुरेसे ठरतात.

पडद्यावर वाचण्याच्या या पद्धतीच्या नियमित वापराआधी किमान ६० केसेस एकाच तज्ज्ञाने काचेवर आणि पडद्यावर, मध्ये दोन आठवड्यांचे अंतर ठेवून वाचाव्यात.

ग्लोमेरुलसच्या आधारपटलाच्या दुहेरी रेषेची अगदी सुरुवातीची अवस्था मात्र कितीही उत्तम स्कॅन केला तरी दिसत नाही. तिच्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो, तेव्हा ऊतीचा छोटा तुकडा ग्लुटाराल्डिहाइड या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात आधीच वेगळा काढून ठेवावा.