कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाचे काम नव्याने हाती घेणाऱ्या वकिलांसाठी

तालुका न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा कौटुंबिक हिंसाचाराचा माझा पहिला अर्ज मी एका जुन्या अर्जावरून उतरवून काढला होता. ‘गैरअर्जदारांनी वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला’ एवढ्या एका वाक्यात त्या बाईंची सहा वर्षे मी संपवली. न्यायाधीशांनी ‘कोणत्या तारखेला, काय झाले?’ असे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी अंतरिम आदेश मिळाला नाही आणि त्या बाई आपल्या मुलीला घेऊन पुन्हा माहेरी परतल्या. ही चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची कलमे उघडण्याआधी मी एकच विचारते : ‘ताई, आज रात्री तुम्ही कुठे राहणार आहात?’ मागण्यांचा क्रम या उत्तरावरून ठरतो. घराबाहेर काढले असेल तर कलम १९ चा निवासाचा आदेश, मारहाण चालू असेल तर कलम १८ चा संरक्षण आदेश, घरखर्च बंद केला असेल तर कलम २० ची आर्थिक मदत. आणि यांपैकी काहीच अंतिम निकालापर्यंत थांबू शकत नसल्याने कलम १२ च्या मूळ अर्जासोबतच कलम २३ चा अंतरिम अर्ज शपथपत्रासह दाखल करावा. साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. पण त्या भरवशावर अशिलाला ठेवू नये.

‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे’ हा बचाव हमखास येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात, नातेवाइकाच्या मालकीचे घरही ‘सामायिक घर’, म्हणजे जिथे राहण्याचा हक्क बाईंना मागता येतो असे घर, ठरू शकते असे स्पष्ट केले; मात्र तेथील वास्तव्य तात्पुरते नव्हते हे दाखवावे लागते. एका बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक आणि बाळाचे लसीकरण कार्ड काढले होते. तिन्हींवर सासरचाच पत्ता होता, आणि माझ्या लांबलचक युक्तिवादापेक्षा तेच अधिक उपयोगी पडले.

संरक्षण अधिकाऱ्यांचा, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांचा, हिंसाचाराबाबतचा घटना अहवाल जरूर मिळवावा, परंतु त्याअभावी अर्ज अडत नाही. आदेश झाल्यावर कलम २४ नुसार त्याची प्रत विनामूल्य मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा असल्याने, ती प्रत ठाण्यात पोहोचल्याची पोच मी त्याच दिवशी घेते आणि तिची झेरॉक्स बाईंच्या हाती देते.